गाठ दाखवायला गेले आणि सुपारी पकडली गेली

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या गालाच्या आत जिभेला काहीतरी लागायला लागलं. मुगाच्या दाण्याएवढं, गुळगुळीत, न दुखणारं. जिभेला एकदा असला चाळा सापडला की ती सोडत नाही. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, रात्री कूस बदलताना ती तिथेच जाऊन चाचपत बसायची. घरी सांगितलं तर हे म्हणाले, दात लागला असेल. शेजारच्या वहिनींनी उष्णतेवर काढलं आणि गुलकंद सुचवला. महिन्याभराने जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे मी आ केला, पण आत कोणी पाहिलंच नाही. लावायला जेल आणि खायला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवस दोन्ही इमानेइतबारे केलं. गाठ जिथल्या तिथे.

मग मात्र घाबरले. आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात गेल्या काही वर्षांत तोंडाच्या कॅन्सरची दोन माणसं जवळून पाहिली होती, त्यामुळे गाठ म्हटलं की डोळ्यापुढे तेच यायचं. दातांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी, इंदूरचीच, मराठी. तिने दिवा डोक्यावर ओढला, गाठ बोटात धरून दाबली, आरसा फिरवून पाहिलं. फार तर दहा सेकंद.

"ही काही नाही काकू. चावून चावून झालेली आहे. काढून टाकू आणि तपासायला पाठवू." आणि मग म्हणाली, "जरा तोंड मोठं उघडा."

"उघडलंय की."

"एवढंच उघडतं?" ती थांबली. "पाणीपताशा, म्हणजे पाणीपुरी, अख्खी तोंडात जाते का हो तुमच्या?"

मला हसू आलं. मग आठवलं, की सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो की दोन-तीन वर्षांपासून मी पताशा वाटीत फोडून खाते. वय झालं, असं स्वतःला सांगत होते. सकाळच्या पोह्यांवर जीरावन, आमचा इंदुरी तिखट मसाला, टाकणंही बंद केलं होतं, कारण तोंड भाजल्यासारखं व्हायचं. तेही पित्ताच्या खात्यात टाकलं होतं.

"सुपारी खाता?"

"तंबाखूला कधी हात लावलेला नाही हं," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "जेवणानंतर खांडभर सुपारी. तीही घरी कातरलेली."

"किती वर्षं?"

लग्न झाल्यापासून. म्हणजे तेहतीस.

पुढची दहा-पंधरा मिनिटं तिने त्या गाठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही गाल बोटांनी चाचपले, जीभ बाहेर काढायला लावली, मोजपट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं आणि कागदावर लिहिलं: २८ मिलिमीटर. ज्या गोष्टीने माझी झोप उडवली होती ती निरुपद्रवी निघाली, आणि जिची मला वार्ताच नव्हती ती काळजीची. त्यानंतरच्या खेपांमध्ये मी तिला शंभर प्रश्न विचारले, घरी येऊन बरंच वाचलं. त्यातलं जे आपल्या घराघरांत कळायला हवं असं वाटलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हे वाचून घरी निदान करत बसायचं नाही, एवढं आधीच सांगते.

तोंडात मुळातच बरेच उंचवटे असतात

आरशासमोर टॉर्च घेऊन पहिल्यांदा नीट पाहिलं की माणूस दचकतो, कारण आपलं स्वतःचं तोंड आपण कधी पाहिलेलंच नसतं. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालावर एक छोटा फुगवटा असतो. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. जिभेच्या अगदी मुळाशी आठ-बारा मोठे गोल दाणे एका रांगेत असतात, त्यांना पाहून दरवर्षी कितीतरी लोक डॉक्टरांकडे धावतात म्हणे. पुढच्या दोन दातांच्या मागे टाळूवर एक मांसल टिंब असतं. काहींच्या टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हाडाचा टणक उंचवटा असतो, तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. एक सोपी खूण अशी, की जे डावीकडे आहे तेच तसंच उजवीकडे असेल, किंवा बरोबर मध्यरेषेवर असेल, तर ते बहुधा शरीराच्या नेहमीच्या घडणीतलंच असतं.

दुसरा गट नंतर होणाऱ्या पण निरुपद्रवी गाठींचा. खालच्या ओठाच्या आत पाण्याने भरल्यासारखी निळसर टपोरी गाठ येते, फुटते, पुन्हा भरते. ओठ चावल्याने लाळेची बारीक नळी तुटते आणि लाळ आत साठते, त्याची ती पिशवी. किडलेल्या दाताच्या हिरडीवर पुळी येते, तिचं मूळ दाताच्या मुळाशी असतं. गरोदरपणात हिरडीवर लालभडक, लगेच रक्ताळणारी गाठ येऊ शकते, ती बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप ओसरते. आणि माझ्यासारखी, गालावर दातांच्या रेषेत चावून चावून होणारी. शरीर तिथे घट्टा धरतं, लेखणी धरणाऱ्याच्या बोटाला धरतं तसा. माझ्या एका दाढेचा कोपरा तुटून धारदार झाला होता, तो गालाला दिवसभर घासत होता. आधी तो कोपरा घासून गुळगुळीत केला, मग गाठ काढली. नुसती गाठ काढली असती तर ती पुन्हा आली असती.

मग वाईट गाठ कशी ओळखायची? खरी गोष्ट अशी, की तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा गाठ म्हणून सुरूच होत नाही. तोंडाच्या आतलं जे नाजूक अस्तर आहे, त्याच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडतात. दहातले नऊ तरी तोंडाचे कॅन्सर या अस्तराचेच असतात. त्यामुळे सुरुवातीला दिसतो तो एखादा डाग. पांढरा, बोटाने किंवा कापडाने पुसला तरी न जाणारा. किंवा लाल, मखमलीसारखा. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, हे मला नव्याने कळलं. पांढरे डाग सगळेच बिघडत नाहीत, बहुतेक तसेच राहतात. लाल डाग तपासला तर त्यात बिघाड आधीच झालेला सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. किंवा दिसते ती जखम. काठ उंच आणि कडक, मध्ये खड्डा, आणि भरायचं नाव नाही.

आणि दुखत नाही. इथेच आपण सगळे फसतो. आपला हिशोब असा, की दुखतं ते गंभीर आणि दुखत नाही ते किरकोळ. तोंड आलं की जीव नकोसा होतो, पण तो फोड आठ ते चौदा दिवसांत भरतो. कॅन्सरची सुरुवातीची जखम मात्र बहुतेकदा मुकाट असते, ती दुखायला लागते तोवर खोल गेलेली असते. म्हणून डॉक्टर दुखण्यावरून ठरवत नाहीत, कॅलेंडरवरून ठरवतात. साधा फोड दोन आठवड्यांत भरायलाच हवा. न भरलेली जखम, न गेलेला डाग, न विरलेली गाठ, कारण कळो वा न कळो, दोन आठवडे झाले की दाखवायची. जेल बदलून आणखी दोन आठवडे बघायचे नाहीत. माझे दीड महिने गेले, गाठ साधी होती म्हणून निभावलं.

काही खुणा आणखी आडवळणाच्या असतात. हिरडीला आजार नसताना एकच दात हलायला लागणं. अनेक वर्षं नीट बसणारी कवळी अचानक न बसणं. एकाच बाजूच्या कानात ठणका, आणि कानाचे डॉक्टर म्हणतात कान ठीक आहे. खालचा ओठ बधिर होणं. गिळताना अडखळणं, जीभ पूर्वीसारखी बाहेर न येणं. आणि मानेत किंवा जबड्याखाली गाठ. घसा बसला असताना येणारी अवधाणाची गाठ दुखते आणि आठ-पंधरा दिवसांत उतरते. टणक, न दुखणारी, बोटाखाली न सरकणारी गाठ राहिली तर तोंड तपासून घ्यायचं, तोंडात काही जाणवत नसलं तरी.

सुपारी साधी नसते

आता माझ्या गालाची गोष्ट. मला वाटायचं सुपारी म्हणजे एक लाकडाचा तुकडा, तंबाखू नसली की झालं. पूजेत ती गणपती म्हणून मांडतो, ओटी भरताना देतो, विड्यात घालतो. पूजेतली कोणी चावत नाही म्हणा.

सुपारीत एक अल्कलॉइड, म्हणजे अंगावर परिणाम करणारं वनस्पतीतलं द्रव्य, असतं; सुपारी खाल्ल्यावर जो जरा तरतरीतपणा येतो, कानशिलं गरम होतात, तो त्याचाच. हे द्रव्य गालाच्या अस्तराखालच्या पेशींना चेतवतं आणि त्या धाग्यासारखं एक प्रथिन, कोलॅजन, जास्त बनवायला लागतात. एरवी शरीर जुने धागे मोडतं आणि नवे घालतं, हिशोब जुळलेला असतो. पण सुपारीत टॅनिनही भरपूर असतं. कातडं कमावताना झाडाच्या सालीतला जो तुरट अंश वापरतात, तो हाच. कमावलेलं कातडं कुजत नाही, कारण त्याचे धागे मोडेनासे होतात. गालात नेमकं तेच होतं. शिवाय सुपारीत तांबं असतं, ते धागे एकमेकांना टाचून टाकणाऱ्या एका घटकाला जोर देतं. धागे जास्त, ते मोडत नाहीत आणि वर टाचलेले. मऊ सुती लुगड्याला रोज थोडी थोडी खळ देत गेलात तर ते जसं ताठ होईल, तसा गाल ताठ होत जातो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग अस्तर फिक्कट, संगमरवरासारखं दिसतं, मग बोटाने पट्टे लागतात, आणि शेवटी तोंड उघडेनासं होतं.

डॉक्टरी पुस्तकात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली आफ्रिकेत केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये याचं पहिलं आधुनिक वर्णन झालं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी इकडचे रुग्ण नोंदवले. पाच बायका, हे वाचून मी जरा थबकलेच. हा काही फक्त पानाच्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, उभ्या पोरांचा आजार नव्हे.

याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. सगळ्यांचं होत नाही. केरळात एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं, त्यांतल्या ५ जणांना कॅन्सर झाला. आकडा लहान वाटेल, पण ज्याला हा आजार नाही त्याच्या तुलनेत तो फार मोठा आहे. आणि सुपारीचं एवढंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था २००४ पासून सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीला, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात धरते. तंबाखू आणि दारूही त्याच गटात आहेत. "बिनतंबाखूची मसाला सुपारी", "मीठी सुपारी", "सादा पान मसाला" असं पाकिटावर लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातल्या सुपारीबद्दल ते चकार शब्द बोलत नाहीत. पोरांच्या वाढदिवसाला गोड सुपारीची पाकिटं वाटताना मी स्वतः पाहिलं आहे.

पाऊच, आणि त्याची जुळी भावंडं

इंदूरमध्ये गुटख्याला पाऊचच म्हणतात. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, देशात अशी बंदी घालणारं हे पहिलं राज्य. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे खाण्याच्या पदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येत नाही, त्या आधारावर ती आली. मग गुमटीवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाची दोन पाकिटं झाली. पान मसाला एक, जर्दा दुसरं. गिऱ्हाईक दोन्ही फाडतं, हातावर मिसळतं, गालात कोंबतं. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून देशात पहिलं येत गेलं, दुभाजकांवरच्या पिचकाऱ्या कमी झाल्या. गालातला कोपरा मात्र महानगरपालिका धुवायला येत नाही.

तो कोपरा महत्त्वाचा. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर जास्त करून जिभेच्या कडेला आणि जिभेखाली दिसतो. आपल्याकडे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या सांदीत फार. कारण सरळ आहे, घास तिथे ठेवतात. रात्री दाबून झोपणारेही आहेत, आठ तास एकाच जागी. तंबाखूत खास तंबाखूचीच म्हणावी अशी कॅन्सरकारक नायट्रोसमाइन्स असतात, ती पेशींच्या जनुकांना डागतात. चुना निकोटीन झटपट रक्तात शिरेल अशी व्यवस्था करतो, वर अस्तराला पोळतो. मशेरी, गुल, तंबाखूचं मंजन, हेही यातच. ज्यांना वाटतं आपण फक्त दात घासतो, त्यांच्या दाताखाली तंबाखूच असते.

विडी-सिगारेट वेगळी, पण तीही तोंडातूनच आत जाते. आणि दारू. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना वाढवतात. दारूने अस्तर सैल पडतं आणि तंबाखूतली विषं सहज आत शिरतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. आपल्या पुरुषांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. पोटातला, फुफ्फुसातला कॅन्सर शोधायला यंत्रं लागतात. हा टॉर्चच्या उजेडात दिसतो. तरी आपल्याकडचे बहुतेक रुग्ण उशिरा येतात, आणि याचं कारण गरिबी एवढंच नाही. कोणी तोंडात डोकावतच नाही.

आरशात कसं पाहायचं

महिन्यातून एकदा, दात घासून झाल्यावर. कवळी असेल तर काढून ठेवायची. मोबाइलचा टॉर्च पुरतो. आधी ओठ उलटे करून आतून पाहा. मग एकेक गाल बोटाने बाहेर ओढून, मागच्या दाढांपर्यंत. शेवटच्या दाढेच्या मागची जागा सगळे विसरतात. हिरड्या आतून-बाहेरून. जीभ बाहेर काढून तिचं टोक रुमालात धरा आणि डावी-उजवी ओढून कडा पाहा, वरचा भाग नाही पाहिला तरी चालेल पण कडा चुकवू नका. मग जीभ टाळूला लावून खालची जमीन. डोकं मागे टाकून टाळू. शेवटी जबड्याखाली आणि मानेला दोन्ही हातांनी एकदम चाचपा, दोन्हीकडे सारखं लागतं का ते.

आणि तीन बोटं. तर्जनी, मधलं आणि अनामिका, आपलीच, एकमेकांवर उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. तिन्ही सहज गेली पाहिजेत. हे मी आता हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही करायला लावते. लाजतात, पण करतात.

काही दिसलं तर जायचं कुठे? दातांच्या डॉक्टरकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. इंदूरमध्ये एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या जवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी व्हावी, असा केंद्राचा कार्यक्रम आहे आणि तो आरोग्य मंदिरांमधून, आशाताईंमार्फत चालतो. आपल्याला कोणी बोलावलं नाही म्हणून गप्प बसू नये, जाऊन विचारावं. अशी साधी नजरतपासणी कामाची आहे का, हे केरळात पडताळून पाहिलं होतं. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायतींमधल्या दोन लाखांच्या आसपास लोकांवर अभ्यास झाला. काही पंचायतींत प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक, डॉक्टर नव्हेत, घरोघरी जाऊन तोंडं तपासत. बाकीच्यांत नेहमीचं चालू होतं. २००५ मध्ये निकाल आले तेव्हा तपासलेल्या गटातल्या तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले. एक टॉर्च आणि शिकलेली नजर, एवढ्याच भांडवलावर.

तुकडा काढायची भीती

"सुरी लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या गाठीच्या वेळी नणंदेनेही ते ऐकवलं. डॉक्टरीणबाईंचं उत्तर असं, की तपासणीला तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही, पसरतो तो तुकडा काढायला घाबरून घालवलेल्या महिन्यांत. आणि तुकड्याशिवाय खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो. नजरेने संशय येतो, निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

प्रत्यक्षात काय होतं? दात काढताना देतात तसं बधिर करायचं इंजेक्शन. तेवढंच काय ते टोचतं. मग मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा, बिघडलेल्या भागाच्या काठावरून, म्हणजे चांगलं आणि बिघडलेलं दोन्ही त्यात येतं. एखाद-दोन टाके. तो तुकडा औषधाच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत जातो. मी त्या दिवशी संध्याकाळी गार खिचडी खाल्ली. मानेत गाठ असेल तर बारीक सुईने तिच्यातल्या पेशी ओढून तपासतात. रक्ताच्या तपासणीत तोंडाचा कॅन्सर कळत नाही, तेव्हा "रक्त चांगलं आलंय" याचा आधार घेऊ नका.

रिपोर्टमधल्या एका शब्दाने लोक घाबरतात, डिसप्लेझिया. म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत पण अजून सीमा ओलांडलेली नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या असतात. हा कॅन्सर नव्हे. डाग काढून टाकतात किंवा ठरलेल्या अंतराने बघत राहतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लिहिलेलं असेल तर तो कॅन्सर. रिपोर्ट चांगला आला आणि तरी ती जागा वाढतच राहिली, तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगायचं. एका चांगल्या कागदावर आयुष्यभर निर्धास्त राहता येत नाही.

कॅन्सर निघालाच तर? मुख्य इलाज शस्त्रक्रिया, गरज पडल्यास नंतर किरणोपचार, काहींना सोबत औषधं. लवकर सापडला, दोन सेंटिमीटरच्या आतला आणि मानेत न गेलेला, तर पाचांतले चारएक जण पाच वर्षांनंतरही असतात. उशिरा आलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. शस्त्रक्रिया करणारे मानेतल्या गाठीही काढायच्या म्हणतात तेव्हा घरचे गोंधळतात, मानेत तर काही लागत नाही मग कशाला? मुंबईच्या टाटा मेमोरियलने हेच तपासलं होतं. २०१५ मध्ये निकाल आला: सुरुवातीलाच मान साफ केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, वाट पाहून नंतर केलेल्यांत ६७.५ टक्के. खर्चासाठी आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. कार्ड आधी काढून ठेवावं, आजारी माणसाला रांगेत उभं करण्यापेक्षा.

सोडणं

पोरं म्हणतात, आता इतकी वर्षं खाल्लं, सोडून काय होणार? धोका एका दिवसात जात नाही हे खरं. पण सोडल्यावर तो वर्षागणिक उतरत जातो, चालू ठेवला तर चढत जातो. तंबाखूची खरी ओढ पहिले आठ-दहा दिवस असते, चिडचिड, झोप उडणं, डोकं दुखणं. एकेक तलफ काही मिनिटांची असते. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, तिथे सोडायला मदत करणारे लोक बोलतात. दोन मिलिग्रॅमचं निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतं, पण ते चघळायची पद्धत वेगळी आहे: चावायचं, झणझणलं की गालात ठेवायचं, पुन्हा चावायचं. विचारून घ्या. तंबाखू सोडून सुपारीवर येणारे बरेच भेटतात. त्यांच्याबद्दल मी आता वेगळं काय सांगू.

मला तंबाखू सोडायची नव्हती, तरी सोपं गेलं नाही. जेवण झालं की हात आपोआप डब्याकडे जायचा. बडीशेप, ओवा, भाजलेला जवस, सगळं करून पाहिलं. कातरल्याचा आवाज नसतो ना त्यात. सासूबाईंचा पितळी अडकित्ता होता, सिंहाच्या मुठीचा. तो माळ्यावर टाकून दिला, कारण समोर दिसला की तोंडाला पाणी सुटायचं.

ताठ झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं गेलं. सुपारी थांबली तर आजार बहुधा पुढे सरकत नाही, एवढं. काहींना गालात इंजेक्शनं देतात, फारच बंद झालं तर शस्त्रक्रिया. मला दिवसातून चार वेळा व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, थोडं दुखेपर्यंत, आणि जमलं की एक काडी वाढवायची. दर तीन महिन्यांनी जाऊन तोंड दाखवायचं, हे आता कायमचं.

माझ्या गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला होता. साधी, चावण्याने झालेली. परवाच्या खेपेला मोजपट्टीवर ३१ भरले. तीन मिलिमीटर कमावले आठ महिन्यांत. पताशा अजून फोडूनच खाते. जीरावन मात्र परवा चिमूटभर टाकून पाहिलं पोह्यांवर, झोंबलं, पण खाल्लं.